मागून दुसरी दाढ

माझ्या तोंडाला लगाम नाही, हे आमच्या गल्लीतली शेंबडी पोरंसुद्धा सांगतील. पेशंट उशिरा आला तर त्याला मी दारातच झाडते. ब्रश न करता खुर्चीत बसला तर विचारते, "काय हो, दात घरी ठेवून आलात का, की वासच तेवढा पाठवलाय?" लोक हसतात आणि पुढच्या खेपेला घासून येतात. अशी मी. पण एका गोष्टीवर अकरा वर्षं मूग गिळून बसले, आणि ती गोष्ट आज सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून मला सव्वीस वर्षं झाली. तेवीस मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली, तीन त्यांच्या मुलीच्या. मोठे डॉक्टर मला ताई म्हणायचे, मुलगी मावशी म्हणते. शाळेत असताना ती बाहेरच्या बाकावर बसून गृहपाठ करायची आणि पेन्सिल चावायची, आणि मी ओरडायचे, "दातांच्या डॉक्टरची पोर ना तू?" आता तीच डॉक्टर. पेशंटसमोर मी तिला "छोट्या डॉक्टर, तुम्ही" म्हणते. पेशंटची पाठ वळली की "अगं, जेवलीस का?"

मागच्या बाजूला एक चिंचोळी खोली आहे. तिथं सिंक आहे आणि हत्यारं वाफेवर शुद्ध करायचं मशीन आहे. आम्ही हत्यारंच म्हणतो, पेशंटसमोर नाही एवढंच. दुपारी मशीन बंद होऊन गार व्हायला लागलं की आतून आवाज येतो. टक. जरा थांबून, टक-टक. मोठे डॉक्टर तोंडात घालायच्या आरशाच्या दांडीनं दाढ वाजवून बघायचे, अगदी तसा. आधी एक दाढ, मग शेजारची. "इथं दुखतं, की इथं?"

ते गेल्यानंतर पहिल्या महिन्यातच मला तो ऐकू यायला लागला. मशीन दुरुस्त करणारा म्हणाला, पत्रा गार होताना वाजतो. ठीक आहे. पण मागच्या वर्षी मशीनच नवीन आणलं. पत्रा नवा, दार नवं, सगळं नवं. टक. टक-टक. घ्या! छोट्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाल्या, "मला नाही गं काही ऐकू येत, मावशी." मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. पण भुताचाच माझ्यावर विश्वास असेल तर मी काय करू?

तर, अकरा वर्षांपूर्वीची दुपार.

पोस्टवाल्या बाई आल्या होत्या. तेव्हा त्या पोस्टाच्या खिडकीवर बसायच्या, आता निवृत्त आहेत. चष्मा साखळीला, बोलणं मोजकं, तिकिटासारखं नेमकं. डावीकडे खाली दाढ ठणकत होती. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, रूट कॅनॉल ठरलं, भूल दिली. तेवढ्यात फोन आला. बाहेर पाच माणसं खोळंबलेली. फोनकडे जाता जाता डॉक्टर म्हणाले, "ताई, पडदा लावून ठेवा. मागून दुसरी."

पडदा म्हणजे काय ते सांगते. रूट कॅनॉल करताना तोंडावर निळ्या रबराचा पडदा ताणून लावतात. त्याला एक भोक. भोकातून एकच दाढ वर काढायची आणि चिमट्यानं आवळून धरायची. थुंकी आत जायला नको, सुई घशात जायला नको. सोय उत्तम आहे. पण एकदा पडदा लागला की शेजारपाजार काही दिसत नाही. नुसती एकटी दाढ. तिला ना नाव, ना गाव.

मी मागून मोजलं. एक, दोन. लावला पडदा.

माझी "एक" होती अक्कलदाढ. हिरडीतून जेमतेम शेंडा वर काढलेली. डॉक्टर तिला मोजतच नव्हते. त्यांच्या मोजण्यात दुसरी म्हणजे जी खराब होती ती, पुढची. माझ्या मोजण्यात दुसरी म्हणजे तिच्या मागची, धडधाकट. वरून बघावं तर दोन्हींत जुनी चांदी भरलेली, जुळ्या बहिणींसारख्या. अक्कलदाढ मोजली आणि अक्कल घालवली. हा विनोद मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवलाय की आता हसूही येत नाही.

डॉक्टर आले, बसले, ड्रिल सुरू केलं. थुंकी ओढायची नळी माझ्या हातात. कुजलेली दाढ उघडली की वास येतो. ज्यानं एकदा घेतला तो जन्मात विसरत नाही. आत नस मरून सडलेली असते, ती वाट मिळाली की बाहेर येते. मी श्वास रोखून त्या वासाची वाट बघत होते. वास आला नाही. रक्त आलं. लालभडक, ताजं. आतली नस जिवंत होती.

डॉक्टरांनी ड्रिल थांबवलं. बोटानं पडद्याची कड उचलून आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मास्कच्या वर नुसते डोळे. रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते घाबरले होते. एवढा मोठा माणूस, आणि डोळे असे, जसं काचेचं भांडं फोडलेल्या पोराचे असतात.

पडदा मी लावला होता. पण ड्रिल लावण्याआधी मोजून बघणं त्यांचं काम होतं. दोघांनाही ते कळलं आणि दोघांचीही दातखीळ बसली. मग ते खुर्चीकडे वळून अगदी गोड आवाजात म्हणाले, "बाई, मागचीसुद्धा खराब निघाली हं. दोन्हींचं करून टाकू, म्हणजे पुन्हा त्रास नको."

पडद्याखालून पोस्टवाल्या बाईंनी हात वर करून अंगठा दाखवला. करा म्हणून.

मागच्या दाढेचं काम त्यांनी इतकं देखणं केलं की मी तेवीस वर्षांत तसं दुसरं पाहिलं नाही. दाढेची माफीच मागत होते म्हणा ना. मग पडदा काढून पुढच्या दाढेला लावला. या वेळी त्यांनी स्वतः लावला. पण तोवर हात थकले होते. दाढेच्या मुळांत नसेच्या बारीक नळ्या असतात, त्यातल्या तीन सापडल्या. चौथी असावी असं त्यांना वाटत होतं, बारीक सुई घेऊन कितीदा तरी चाचपलं. शेवटी म्हणाले, "नसेल." नसेल! जो माणूस नळी सापडेपर्यंत पाणी प्यायला उठायचा नाही, तो नसेल म्हणाला आणि बंद केलं.

संध्याकाळी त्यांनी केसपेपर लिहिला. मी मागे उभी राहून वाचला. "मागची दाढ जास्त खराब, मूळ कमकुवत. पुढची: चारही नळ्या भरल्या, उत्तम." मग आधीचा एक्स-रे माझ्या हातात दिला. तेव्हा फिल्म असायची, पोस्टाच्या तिकिटाएवढी. "ताई, हा टाकून द्या."

मी हो म्हटलं. टाकला नाही. चिमट्यांच्या ड्रॉवरच्या तळाशी जो कागद घालतो, त्याच्याखाली सरकवला. का, ते विचारू नका. दुसऱ्या वर्षी त्यांनी बाईंची ती अक्कलदाढही काढली. साक्षीदारच उपटला.

त्या दिवसानंतर डॉक्टर बदलले. प्रत्येक पेशंटच्या दाढेवर आधी पेनानं ठिपका काढायचे, दोनदा वाजवून बघायचे, आणि मला विचारायचे, "ताई, कुठली?" मी सांगितलं की मगच पडदा. लोकांना वाटायचं केवढी ही शिस्त! छोट्या डॉक्टर आठवड्यातून एकदा कॉलेजात शिकवायला जातात, तिथं त्या हे पोरांना शिकवतात. त्याला नावच दिलंय, बाबांचा ठिपका. एकदा मला म्हणाली, "मावशी, बाबांच्या हातून एकही चूक का झाली नाही, माहितीय? या ठिपक्यामुळे." मी ट्रे पुसत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर दिवाबत्ती करून बसलं होतं कोणीतरी. मी तोच ट्रे पुन्हा पुसला.

आणि ती पोस्टकार्डं. बाप रे, ती पोस्टकार्डं. पोस्टवाल्या बाई दरवर्षी त्या तारखेला दवाखान्याच्या पत्त्यावर एक कार्ड टाकायच्या. सुवाच्य अक्षर, वर नीट बसलेला शिक्का. "आपण माझ्या दोन दाढा वाचवल्यात. ऋणी आहे." दरवर्षी तेवढंच. डॉक्टर ते वाचायचे आणि बाहेरच्या खोलीतल्या फळ्यावर स्वतःच्या हातानं टोचायचे. मला द्यायचे नाहीत. मिरवत होते म्हणावं तर चेहरा पडलेला असायचा. मला वाटतं, स्वतःलाच टोचून घेत होते. आठ कार्डं त्यांनी लावली. ते गेल्यावर तीन मी लावली.

डॉक्टरांच्या शेवटच्या आजारात मी दवाखान्यातून निघाले की रोज इस्पितळात जायचे. शुद्ध येत-जात होती. हातात चमचा दिला तर पलंगाच्या कठड्यावर वाजवायचे. टक. टक-टक. आणि माझ्याकडे बघून, "ताई, कुठली?" मुलगी उशाशी बसून रडायची. नंतर भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगायची, बाबा शेवटच्या श्वासापर्यंत पेशंटचाच विचार करत होते. खोटं नव्हतं ते. एकाच पेशंटचा करत होते.

मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रोज रागावते. भांडी घासताना, चालताना. तुम्ही सुटलात हो, मी काय करू? जिभेनं स्वतःच्याच दाढा मोजत बसते. मागून एक, दोन. पुढून मोजलं की वेगळंच काहीतरी येतं. म्हणजे येत नाही, पण मला तसं वाटतं.

आणि मग मागच्या महिन्यात पोस्टवाल्या बाई दारात उभ्या. डावा गाल सुजलेला. आठ दिवस झोप नाही. मला बघून तशातही हसल्या. "ताई, तुमच्या डॉक्टरांनी दिलेली अकरा वर्षं संपली बघा." मी नुसती खुर्चीकडे बोट दाखवून बाजूला झाले.

छोट्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. आता फिल्म नाही, चित्र थेट कॉम्प्युटरवर. पुवाची सावली दिसत होती, पण दोन्ही दाढांच्या मुळांच्या मधोमध. दोन्हींवर जुन्या धातूच्या कॅप, खालचं धड दिसेना. आरशाच्या दांडीनं वाजवून पाहिलं, दोन्ही दुखल्या. दोन दिवसांचं औषध देऊन पाहिलं. सूज थोडी उतरली, मग पुन्हा आली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी जुना केसपेपर काढून बाईंना समजावलं. "हे बघा, बाबांनीच लिहून ठेवलंय. मागची जास्त खराब होती, मूळ कमकुवत. पुढची उत्तम आहे. मला वाटतं मागची आता काढून टाकावी. ती गेली की पुढची वाचेल."

"काढायलाच हवी?"

"अकरा वर्षं टिकली हेच नशीब म्हणायचं."

बाईंनी चष्म्याची साखळी सरळ केली. मग म्हणाल्या, "मोठ्या डॉक्टरांनी लिहिलंय ना? मग काढा."

ऐकलंत? जी दाढ कधी आजारी नव्हतीच, जिला आम्ही मारली, तीच आता मुळासकट जाणार होती. आणि जिच्यात पू साठलाय ती तशीच राहणार होती, "उत्तम" म्हणून. दोन-चार महिन्यांत तीही गेली असती. आणि मला हे माहीत होतं. जगात मला एकटीला.

भूल दिली. दाढ काढायची पकड मीच ट्रेमध्ये मांडली, याच हातांनी. मनाशी म्हणत होते, आता बोल. मग म्हणत होते, बोललीस तर हिचा बाप दुसऱ्यांदा मरेल. तोही हिच्या डोळ्यांदेखत आणि पेशंटसमोर. आणि तुला ही पोर पुन्हा कधी मावशी म्हणणार नाही. मला पोरबाळ नाही. जे काही आहे ते त्या बाकावर पेन्सिल चावत बसलेलं होतं. खरं सांगते, मी बोलणार नव्हते. इतकी मी भित्री आहे.

छोट्या डॉक्टरांनी पेन उघडलं आणि मागच्या कॅपवर ठिपका काढला. बाबांचा ठिपका. मग आरसा उचलून, दांडीनं दोनदा वाजवलं.

आणि मागच्या खोलीतून आलं. टक. टक-टक.

सकाळचे अकरा वाजले होते. मशीन अजून लावलेलंच नव्हतं.

"थांबा," मी म्हणाले.

"काय झालं, मावशी?"

मी चिमट्यांचा ड्रॉवर ओढून बाहेर काढला. चिमटे खळाखळा सांडले, सांडू दे. कागद उचलला. फिल्म तळाला चिकटली होती, नखानं सोडवली. "ही मागची दाढ कधी खराब नव्हतीच," मी म्हणाले. "पडदा मी चुकीच्या दाढेला लावला. डॉक्टरांनी बघितलं नाही आणि उघडली. खराब होती ती पुढची. तिच्यातली चौथी नळी सापडलीच नव्हती. ती अजून तशीच आहे."

छोट्या डॉक्टर फिल्म घेऊन खिडकीपाशी गेल्या. उजेडाकडे धरून बघत राहिल्या. फिल्म खोटं बोलत नाही. एवढीशी ती, पण त्यात सगळं होतं. मागची दाढ स्वच्छ, पुढचीच्या मुळाशी काळी सावली.

"बाबांना कळलं होतं?"

"रक्त लाल आलं तेव्हाच."

"आणि केसपेपर?"

"त्याच संध्याकाळी लिहिला."

नुसती पाठ दिसत होती मला तिची. खुर्चीतून आवाज आला, भुलीनं वाकडा झालेला. "पूर्ण सांगा." पोस्टवाल्या बाई उठून बसल्या होत्या. माझ्याकडेच बघत होत्या.

मी पूर्ण सांगितलं. फोन, मागून दुसरी, अक्कलदाढ, डोळे, गोड आवाज, सगळं. कुठं स्वतःला वाचवलं नाही आणि डॉक्टरांनाही नाही. सांगताना रडले नाही. आश्चर्यच वाटलं मला, एरवी मी कांदा बघूनही रडते.

छोट्या डॉक्टर वळल्या. चेहरा कोरा. "तुम्हाला दुसरीकडे जायचं असेल तर मी चिठ्ठी देते," त्या बाईंना म्हणाल्या. "तक्रार करायची असेल तर त्यासाठी लागतील ते सगळे कागद देते. हे आमच्याकडून झालंय."

बाईंनी फिल्म मागून घेतली. चष्म्यापाशी धरून पाहिली. मग स्वतःच्या सुजलेल्या गालात बोट घालून पुढची दाढ दाखवली. "आधी ही उघडा," त्या म्हणाल्या. "आता, माझ्यासमोर. बाकीचं नंतर बघू."

छोट्या डॉक्टरांनी स्पिरिटच्या कापसानं मागचा ठिपका पुसला आणि पुढच्या कॅपवर काढला. बाईंच्या हातात आरसा दिला, बघा म्हणाल्या. बाईंनी बघून मान हलवली. मगच पडदा. पडदा मला लावू दिला नाही. बरोबरच आहे.

कॅप फोडून आत जायला अर्धा तास गेला. जुनं भरलेलं सगळं काढलं. तीन नळ्या मोकळ्या केल्या. चौथीची शोधाशोध सुरू झाली. घड्याळाकडे मी बघत नव्हते, पण बाहेरची दोन माणसं कंटाळून निघून गेल्याचं कळलं. मी नळी धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, नसेल म्हणू नकोस. पोरी, तू तरी नसेल म्हणू नकोस.

मग तिच्या हातातली सुई जराशी अडकली आणि एकदम आत गेली.

आणि वास आला. तोच. कुजलेला, गोडसर, नाकात घुसणारा. अकरा वर्षांपूर्वी याच वासाची मी श्वास रोखून वाट बघितली होती आणि तो आला नव्हता. पुढचं मला दिसेना. डोळ्यांत इतकं पाणी आलं की मास्क भिजला. "नळी नीट धरा," छोट्या डॉक्टर म्हणाल्या. धरा. एरवी मला तू म्हणते, आज पहिल्यांदाच अहो-जाहो केलं. धरा.

सूज तीन दिवसांत उतरली. पंधरा दिवसांनी नळ्या कायमच्या भरल्या. दोन्ही दाढा वाचल्या, मागचीला हातही लावावा लागला नाही. त्या पंधरा दिवसांत छोट्या डॉक्टर माझ्याशी फक्त हत्यारांबद्दल बोलल्या. हे द्या, ते ठेवा, उद्या लवकर या. डबा तिनं आपला आपण बाहेर बसून खाल्ला. कॉलेजातून फोन आला तेव्हा ऐकलं, या महिन्यात शिकवायला जमणार नाही म्हणत होती. मी कारण विचारलं नाही. कोणत्या तोंडानं विचारणार?

शेवटच्या दिवशी पोस्टवाल्या बाई खुर्चीतून उठल्या, छोट्या डॉक्टरांना म्हणाल्या, "तुम्ही नीट केलंत." तक्रारीचे कागद नको म्हणाल्या. मग बाहेरच्या खोलीत फळ्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी मागे मागे गेले. त्यांनी पहिल्या कार्डाची टाचणी काढली आणि वाटीत ठेवली. कार्ड पर्समध्ये. मग दुसरं. घाई नाही, राग नाही. पोस्टात टपाल लावायच्या तशाच हातानं. अकराही काढली.

"बाई, मला काहीतरी बोला तरी," मी म्हणाले. "शिव्या द्या हवं तर."

त्यांनी पर्सची चेन लावली. "आभार मानले होते," त्या म्हणाल्या. "ते परत नेते. शिव्या मला येत नाहीत."

आणि गेल्या. फळ्यावर अकरा बारीक भोकं राहिली. मी ती बोटानं चाचपून बघितली. लहान पोरं दात पडल्यावर जीभ घालून बघतात, तशी.

त्यानंतर आठवड्याभरानं एक मास्तर आले, वरची दाढ घेऊन. भूल दिली. छोट्या डॉक्टरांनी पेन उघडलं आणि तोंडावर वाकल्या. ठिपका काढायला गेलेला हात तसाच हवेत थांबला. किती वेळ गेला कोण जाणे. मास्तर आ वासून छताकडे बघत होते.

मग तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मास्कच्या वर नुसते डोळे. बापाचेच.

"मावशी," ती म्हणाली. "कुठली?"

मला हुंदका आला. मावशी म्हणाली म्हणून आला, की तिलाही आता आयुष्यभर हेच विचारत राहावं लागणार म्हणून, मला सांगता येत नाही. मी जवळ गेले. "तू पुढून मोज, मी मागून मोजते," मी म्हणाले. "अक्कलदाढ धरून. जुळलं की मगच ठिपका." पेशंटसमोर तिला तू म्हणाले, ते नंतर लक्षात आलं.

आम्ही दोघींनी मोठ्यानं मोजलं. जुळलं. तिनं ठिपका काढला.

मागच्या खोलीत टक झालं. मग, टक-टक. मी सवयीनं तिकडे बघितलं नाही. पण या वेळी तिनं मान वर केली.